सुखाचें केंद्र कीं तृष्णेचें?

वर्धा जिल्ह्यांत १९७४ सालापासून दारूबंदी आहे. गडचिरोलींत ती १९९३ सालीं आली. चंद्रपुरांत २०१५ सालीं आलेली बंदी सहाच वर्षांनीं, २०२१ सालीं, उठविण्यांत आली. महात्मा गांधी व विनोबा भावे यांनीं जी भूमि आपल्या कार्यासाठीं निवडली तेथें दारूचें दुकान असूं नये, ही वर्ध्याच्या बंदीमागील भावना होती. आज अर्धें शतक उलटून गेलें आहे, आणि या बंदीचें फलित काय, असा प्रश्न निघाला म्हणजे आमच्याकडील सुशिक्षितांत दोन पक्ष पडलेले दिसतात. पहिला पक्ष म्हणतो कीं, मनुष्य सुखासाठीं पितो. सुखाची इच्छा निसर्गसिद्ध आहे. तेव्हां नागपूर, अमरावती, यवतमाळ व चंद्रपूर या चारी शेजाऱ्यांकडे दुकानें उघडीं असतां मध्येंच एक कोरडें बेट राखण्याचा खटाटोप व्यर्थ होय. दुसरा पक्ष म्हणतो कीं, मनुष्य सुखासाठीं पितो हें खरें, आणि म्हणूनच तो अपराधी आहे. ज्यानें क्षणभराच्या सुखापुढें बायकामुलांच्या पोटाची पर्वा केली नाहीं, त्यास कायद्यानें वठणीवर आणलेंच पाहिजे.

या वादाच्या गलबल्यांत एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. दोन्ही पक्षांचे निष्कर्ष भिन्न असले तरी त्यांचें आधारवाक्य एकच आहे: दारुडा सुखासाठीं पितो. हें वाक्य इतकें उघड वाटतें कीं त्यास पुरावा मागण्याची बुद्धि कोणास होत नाहीं. परंतु मेंदूच्या शास्त्राच्या गेल्या सत्तर वर्षांच्या इतिहासांत हेंच वाक्य एकदां सिंहासनावर बसलें, आणि पुढें प्रयोगांनींच तें खालीं उतरविलें. तो इतिहास मराठी वाचकांपुढें मांडावा, आणि त्याचा प्रकाश आमच्या जिल्ह्याच्या प्रश्नावर कितपत पडतो तें पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

या इतिहासाचा आरंभ एका चुकलेल्या नेमानें झाला. १९५३ सालीं कॅनडांतील मॉन्ट्रियल येथें, मॅकगिल विद्यापीठांत, जेम्स ओल्ड्स व पीटर मिल्नर हे दोघे संशोधक उंदरांच्या मेंदूंत बारीक तार बसवून तींतून सौम्य विद्युत्प्रवाह सोडण्याचे प्रयोग करीत होते. जागृतीशीं संबंध असलेल्या मध्यमेंदूच्या एका भागापर्यंत त्यांना पोहोंचावयाचें होतें. एका उंदराच्या बाबतींत मात्र तार वांकडी गेली आणि पुष्कळ पुढें, भलत्याच ठिकाणीं जाऊन थांबली. मेजाच्या ज्या कोपऱ्यांत असतां या उंदरास प्रवाह मिळाला होता, त्या कोपऱ्याकडे तो पुन्हां पुन्हां परत येऊं लागला. संशोधकांनीं कोपरा बदलला, तर उंदीरहि आपला मार्ग बदली. नंतर त्यांनीं उंदरांना एका पेटींत ठेवून अशी योजना केली कीं, उंदरानें कळ दाबली म्हणजे त्याच्या स्वतःच्या मेंदूंत प्रवाह जावा. उंदीर कळ दाबूं लागले. कांहीं उंदीर ताशीं हजारों वेळां दाबूं लागले, आणि थकून कोसळेपर्यंत थांबेनात. १९५४ सालीं हे प्रयोग प्रसिद्ध झाले. पुढें इतरांनीं असें दाखविलें कीं, योग्य ठिकाणीं तार असलेला भुकेला उंदीर समोरचें अन्न सोडून कळच दाबीत राहतो, मग त्याची उपासमार झाली तरी बेहत्तर.

मेंदूंतील सुखाची जागा सांपडली, असा डंका सर्वत्र वाजला. ओल्ड्स यांनीं स्वतःच १९५६ सालीं सामान्य वाचकांसाठीं लिहिलेल्या लेखांत 'सुखकेंद्रें' हें नांव योजिलें, आणि तें लोकांच्या जिभेवर बसलें. नांवाचें सामर्थ्य मोठें असतें. एकदां वस्तूस नांव मिळालें कीं वस्तूची चौकशी थांबते. वास्तविक प्रयोगशाळेंत जें दिसलें तें एवढेंच कीं, उंदीर कळ दाबतो. त्यास सुख होतें हें कोणी पाहिलें नव्हतें. उंदरास विचारण्याची सोय नव्हती. ज्याच्याकडे प्राणी धांवतो तें त्यास सुखद असलेंच पाहिजे, हें अनुमान होतें, निरीक्षण नव्हे.

ज्यास विचारतां येईल अशा प्राण्यावर, म्हणजे मनुष्यावर, असले प्रयोग करण्याचें धाडस अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स येथील रॉबर्ट हीथ यांनीं केलें. रुग्णांवर असे प्रयोग करणें आजच्या वैद्यकनीतीस मुळींच मान्य होणार नाहीं. परंतु १९६३ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नोंदलेली एक गोष्ट मात्र चिंतनीय आहे. एका रुग्णास मेंदूच्या निरनिराळ्या भागांस प्रवाह देणारीं बटणें दिलीं होतीं. त्यानें जें बटण सर्वांत अधिक वेळां दाबलें तें सुखाचें नव्हतें. तें दाबलें म्हणजे कांहीं तरी आठवतां आठवतां राहून गेल्यासारखें वाटतें, असें तो सांगे. त्या अपुरेपणानें तो चिडे, आणि तरी तेंच बटण पुन्हां दाबी. सुख नाहीं, पण हात मात्र थांबत नाहीं, या अवस्थेचें एवढें स्पष्ट निवेदन हातीं असूनहि त्या काळीं त्याचा अर्थ लावण्याचें साधन शास्त्रापाशीं नव्हतें.

तें साधन ज्या वाटेनें आलें तिचा एक टप्पा आमच्या मुंबईंतून जातो. सर्पगंधा ही वनस्पति वैद्यांस फार प्राचीन काळापासून परिचित आहे. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं उन्माद व रक्ताचा वाढलेला दाब या दोहोंवर तिचा उपयोग होतो असें लिहिलें. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवर तिची पद्धतशीर परीक्षा करून १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकांत आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हां पाश्चात्त्य वैद्यकाचें लक्ष या मुळीकडे वेधलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथें तींतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. या द्रव्यानें उन्माद शमे, रक्तदाब उतरे; पण कांहीं रोगी खिन्न व निरुत्साह होऊन बसत, आणि प्राण्यांस तें टोंचलें असतां ते निश्चल होऊन पडून राहत. असें कां व्हावें?

स्वीडनांतील आर्विड कार्लसन यांनीं १९५७ सालीं या प्रश्नाचें उत्तर शोधलें. रेसर्पिन दिलेले ससे मातीच्या गोळ्यासारखे पडून होते. ज्या पदार्थापासून शरीरांत डोपामिन नांवाचें रसायन बनतें तो पदार्थ, म्हणजे एल-डोपा, त्यांनीं सशांस टोंचला. आणि थोड्याच वेळांत ससे उठून हिंडूंफिरूं लागले. डोपामिन हें रसायन १९१० सालीं लंडन येथें प्रथम तयार झालें होतें. परंतु दुसरें रसायन बनतांना मधली एक पायरी, यापलीकडे त्यास कोणी किंमत दिली नव्हती. तें स्वतःच मेंदूंतील एक निरोप्या आहे, हें कार्लसन यांनीं दाखविलें. कंपवातावरील एल-डोपाचा उपचार याच शोधांतून निघाला, आणि २००० सालीं कार्लसन हे नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. सर्पगंधेनें मेंदूंतील कोठार रितें केलें, म्हणून त्या कोठारांत काय होतें हें जगास कळलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

हें रसायन मेंदूंत कोठें असतें, याचा नकाशा १९६४ सालीं दाल्स्ट्रम व फुक्स या स्वीडिश शास्त्रज्ञांनीं तयार केला. मेंदूचे पातळ काप घेऊन त्यांवर विशिष्ट वाफेचा संस्कार केला असतां डोपामिन असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं चमकूं लागतात, या युक्तीचा त्यांनीं उपयोग केला. त्या नकाशावरून आणि पुढील संशोधनावरून या केंद्राची रचना आज बरीच स्पष्ट झाली आहे. तिची थोडी ओळख करून घेतल्यावांचून पुढील विवेचन कळणार नाहीं.

पाठीच्या कण्यांतून वर येणारी मज्जारज्जु मेंदूच्या देठाशीं मिळते. या देठाच्या वरच्या टोकास मध्यमेंदू आहे. त्याच्या तळाशीं, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस, मज्जापेशींचा एक लहान पुंजका आहे. त्यास व्हेंट्रल टेग्मेंटल क्षेत्र म्हणतात. मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटि मज्जापेशी आहेत. त्यांपैकीं मध्यमेंदूंतील डोपामिन बनविणाऱ्या पेशी अवघ्या कांहीं लाख. पण या मूठभर पेशींचे तंतु दूरवर पसरलेले आहेत. त्यांची एक जुडी पुढें जाऊन कपाळाच्या मागें, मेंदूच्या खालच्या अंगास असलेल्या न्यूक्लिअस अ‍ॅक्युंबेन्स या केंद्रांत शिरते. लॅटिन भाषेंत या नांवाचा अर्थ टेकून बसलेलें केंद्र असा आहे. मेंदूच्या मधल्या पडद्यास तें टेकलेलें दिसतें म्हणून हें नांव. डाव्या व उजव्या अशा दोन्ही अर्धगोलांत तें एकेक असतें, आणि प्रत्येकाचे गाभा व कवच असे दोन भाग पडतात.

या केंद्राचें महत्त्व त्याच्या शेजारावरून कळतें. स्थळाची आठवण ठेवणारा हिप्पोकॅम्पस, भयहर्षादि भावनांची किंमत ठरविणारा अमिग्डाला, आणि पुढचा मागचा विचार करणारा कपाळामागील मेंदूचा पृष्ठभाग, या तिघांचेहि तंतु येथें येऊन मिळतात. आणि येथून निघालेले निरोप शरीराची हालचाल घडविणाऱ्या यंत्रणेकडे जातात. सारांश, आठवण, भावना व विचार यांची जेथें हालचालीशीं गांठ पडते असा हा नाका आहे. त्या नाक्यावर मध्यमेंदूंतून डोपामिनची लाट आली कीं त्या क्षणीं समोर असलेली वस्तु, जागा किंवा खूण प्राण्याच्या दृष्टीनें एकदम महत्त्वाची होते, आणि पाय तिकडे वळतात.

पण ही लाट म्हणजेच सुख, असें बराच काळ बहुतेकांस वाटत होतें. या मतास पहिला मोठा धक्का अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे केंट बेरिज यांनीं दिला. तान्ह्या मुलाच्या जिभेवर गोड थेंब ठेवला कीं तें ओठ चाटतें, आणि कडू ठेवला कीं तोंड वासतें. उंदरांच्या चेहऱ्यावरहि अशाच खुणा उमटतात. डोपामिनच्या पेशी औषधानें नष्ट केलेले उंदीर स्वतः होऊन अन्नाकडे जात नाहींत. समोर खाद्य असतां उपाशी मरतील. हे उंदीर सुखास पारखे झाले असावेत, असा समज होता. बेरिज व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८९ सालीं दाखविलें कीं, अशा उंदरांच्या जिभेवर साखरेचें पाणी सोडलें तर ते पूर्वीप्रमाणेंच मिटक्या मारितात. गोडी त्यांना कळत होती व रुचतहि होती. ती मिळविण्यासाठीं उठावें, ही प्रेरणा मात्र त्यांच्यांत उरली नव्हती.

आमच्या भाषेंत या दोन गोष्टींस दोन निराळे शब्द आहेत: आवड व ओढ. आवड म्हणजे वस्तु जिभेवर असतांना वाटणारें सुख. ओढ म्हणजे वस्तु समोर नसतांना तिच्याकडे खेंचलें जाणें. नेहमींच्या व्यवहारांत दोन्ही बरोबर नांदतात, म्हणून आपण त्यांस एकच समजतों. परंतु मेंदूंत त्यांचीं बिऱ्हाडें वेगळीं आहेत. आवडीचीं स्थानें लहान असून अफूसारखीं द्रव्यें, जीं मेंदू स्वतःच बनवितो, त्यांवर तीं चालतात. ओढीचें तंत्र विस्तीर्ण असून तें डोपामिनवर चालतें. ओल्ड्स यांचा उंदीर कळ दाबीत होता तो सुख मिळालें म्हणूनच असेल असें नाहीं. ओढ शमत नव्हती म्हणूनहि असेल. न्यू ऑर्लिन्सच्या त्या रुग्णाचें कोडेंहि या भेदानें पुष्कळ अंशीं सुटतें. ज्याला सुखकेंद्र म्हटलें गेलें तें बव्हंशीं तृष्णेचें केंद्र ठरलें.

ही ओढ शिकली कशी जाते, तें वोल्फ्राम शुल्ट्स यांच्या माकडांवरील प्रयोगांनीं उघड केलें. माकडाच्या तोंडांत फळाच्या रसाचा थेंब अवचित पडला कीं त्याच्या डोपामिनपेशी सजग होत. थेंबाच्या आधीं एक दिवा लावण्याचा क्रम कांहीं काळ चालू ठेवला, तेव्हां पेशी दिवा लागतांच सजग होऊं लागल्या, आणि प्रत्यक्ष रस मिळाला तेव्हां स्वस्थ राहिल्या. दिवा लागून रस आलाच नाहीं तर, ज्या क्षणीं तो यावयाचा त्या क्षणीं, पेशी नेहमींपेक्षांहि मंद झाल्या. १९९७ सालीं शुल्ट्स, पीटर डायन व रीड माँटेग्यू यांनीं या सर्वाचा अर्थ एका सूत्रांत मांडला: या पेशी मिळालेल्या फळाची मोजणी करीत नाहींत, अपेक्षा व प्राप्ति यांमधील अंतराची करितात. आमच्या हिंगणघाटच्या बाजारांत कापूस घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं. जो भाव मिळेल असें धरून तो घरून निघाला, तोच मिळाला तर मन हालत नाहीं. चार रुपये अधिक मिळाले तर त्याच आडत्याकडे पुन्हां जाण्याची बुद्धि होते. आणि कमी मिळाले तर, भाव मुळांत चांगला असला तरी, मन खट्टू होतें.

आतां दारूकडे वळूं. इटलीच्या सार्डिनिया बेटावरील कालियारी येथें दि किआरा व इंपेराटो यांनीं १९८८ सालीं उंदरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, मद्य, निकोटिन, अफूचे प्रकार, कोकेन व अँफेटॅमिन हीं एरवीं सर्वस्वीं भिन्न असलेलीं द्रव्यें एका बाबतींत समान आहेत: तीं सर्व या टेकून बसलेल्या केंद्रांत डोपामिनची पातळी वाढवितात. मद्य हें काम बरेंचसें आडवाटेनें करितें. मेंदूंतील अफूसदृश द्रव्यें तें मोकळीं करितें, आणि त्यांच्या योगानें डोपामिनपेशींवरील लगाम सैल पडतो. याच कारणानें अफूचा परिणाम अडविणारें नाल्ट्रेक्सोन हें औषध दारूच्या व्यसनावरहि उपयोगी पडतें. १९९४ सालीं अमेरिकेंत त्यास या कामासाठीं मान्यता मिळाली.

अन्नाचा किंवा मित्रभेटीचा आनंद अपेक्षित झाला कीं डोपामिनची लाट ओसरते. मद्य मात्र रसायनाच्या बळानें ती लाट दर वेळीं उठवितें. जणुं मेंदूच्या वहींत रोज अपेक्षेपेक्षां अधिक मिळाल्याची खोटी नोंद होत राहते. टेरी रॉबिन्सन व बेरिज यांनीं १९९३ सालीं मांडलेल्या उपपत्तीप्रमाणें वारंवारच्या सेवनानें ओढीचें तंत्र अधिकाधिक हळवें होत जातें, आवड मात्र आहे तेथेंच राहते किंवा घटते. मग शुल्ट्स यांच्या माकडाच्या दिव्याचें काम हजार वस्तु करूं लागतात: मजुरी मिळण्याचा दिवस, ठराविक वळण, ठराविक सोबती, पेल्याचा आवाज. जुना मद्यपी दारू आतां गोड लागत नाहीं असें शपथेवर सांगतो, आणि सायंकाळीं पुन्हां पितो. त्याच्या बायकोस हें ढोंग वाटतें, शेजाऱ्यास निर्लज्जपणा वाटतो. तें ढोंग नसूं शकतें. आवड गेली आहे, ओढ राहिली आहे.

या ओढींत स्थळकाळाचा वांटा किती मोठा, याचा एक ऐतिहासिक दाखला प्रसिद्ध आहे. व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकेचे पुष्कळ सैनिक हेरॉइनच्या आहारीं गेले होते. ते मायदेशीं परतल्यावर काय होईल, या चिंतेनें सरकारनें ली रॉबिन्स या विदुषीकडून त्यांची पाहणी करविली. १९७१ सालीं परतलेल्या व्यसनी सैनिकांपैकीं पहिल्या वर्षांत पुन्हां व्यसनाधीन झालेले शेंकडा ५ च्या आसपास निघाले. एवढें अल्प प्रमाण कोणासहि अपेक्षित नव्हतें. ज्या छावण्या, जे सोबती, जी सुलभता ओढीस चेतवीत होती, तीं सर्व समुद्रापलीकडे राहिलीं होतीं.

या इतिहासाचा प्रकाश घेऊन आम्ही वर्ध्याकडे परत येतों. विनोबा १९२१ सालीं वर्ध्यास आले. गांधीजी १९३४ सालीं आले, आणि १९३६ सालीं शेगांवीं, ज्यास पुढें सेवाग्राम हें नांव मिळालें तेथें, राहूं लागले. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्वाद हें एक व्रत आहे. १९३० सालीं येरवड्याच्या तुरुंगांतून लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनीं त्याचें विवरण करितांना अन्न हें औषधाप्रमाणें, रुचीकडे न पाहतां घ्यावें असें सांगितलें. वरवर पाहतां हें व्रत आवडीविरुद्ध आहे, आणि म्हणून तें पुष्कळांस रुक्ष वाटतें. परंतु आश्रमाची प्रत्यक्ष दिनचर्या पाहावी. घंटेवर उठणें, घंटेवर जेवणें, सर्वांस एकाच स्वयंपाकघरांतील साधें अन्न, आणि मधल्या वेळांत कोणतेंहि खाद्य समोर नाहीं. या व्यवस्थेनें जिभेची आवड मारली जात असेल वा नसेल. ओढीस चेतविणारे दिवे मात्र एकेक करून विझविले जातात. ज्या गीतेची 'गीताई' विनोबांनीं १९३०-३१ सालीं रचिली, तिच्या दुसऱ्या अध्यायांतहि कामाची उत्पत्ति सांगतांना भोगापासून आरंभ केलेला नाहीं. विषयाच्या चिंतनापासून केलेला आहे. यावरून आमच्या पूर्वजांस डोपामिन ठाऊक होतें असें म्हणणें पोरकटपणाचें होईल. त्यांनीं मनुष्याचें वर्तन लक्षपूर्वक पाहिलें होतें, एवढेंच म्हणावें. आणि तें पुरेसें गौरवाचें आहे.

कायद्याचा इतिहास यास समांतर चालला. वर्धा ज्या प्रांतांत होतें त्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत काँग्रेसच्या पहिल्या राजवटींत, १९३८ सालीं, दारूबंदीचा कायदा झाला. मुंबई इलाख्याचा व्यापक कायदा १९४९ सालचा. तोच पुढें महाराष्ट्राचा झाला, आणि वर्ध्यांतील बंदी त्याच्याच आधारें चालते. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानें मादक पेयांची बंदी हें राज्याचें एक ध्येय ठरविलें आहे. १९४९ च्या या कायद्यांत परवान्यावांचून दारू बाळगणें व विकणें हा जसा गुन्हा आहे, तसा परवान्यावांचून पिणें हाहि गुन्हा आहे. म्हणजे एकच मनुष्य पोलीसठाण्यांत अपराधी असतो आणि सेवाग्रामच्या रुग्णालयांत रोगी असतो. या दोन नांवांपैकीं खरें कोणतें, हा प्रश्न केवळ शब्दांचा नव्हे. त्या मनुष्याच्या हातीं पावती पडावी कीं औषध पडावें, हें त्यावर ठरतें.

गांधीजींची या विषयावरील भूमिका मात्र त्यांच्या कित्येक अनुयायांहून अधिक सूक्ष्म होती. दुकानें बंद झालींच पाहिजेत, याविषयीं त्यांच्या मनांत किंतु नव्हता. परंतु दारू हें पापापेक्षां रोगाच्या जवळचें आहे, असें ते लिहीत. १९४१ सालीं लिहिलेल्या रचनात्मक कार्यक्रमांत दारूबंदीच्या प्रकरणीं त्यांनीं डॉक्टरांस, स्त्रियांस व विद्यार्थ्यांस हांक दिली. आणि थकलेल्या मजुरास अंग टेकावयास, स्वस्त व सकस फराळ मिळावयास व खेळावयास जागा मिळेल अशीं विरंगुळ्याचीं केंद्रें गांवोगांव काढण्यास सांगितलें. सायंकाळच्या त्या वेळेस पाय दुसरीकडे वळावेत, याचीच ही योजना होती. आमच्या जिल्ह्यानें गांधीजींच्या कार्यक्रमांतील दुकानें बंद करण्याचा भाग कायद्यानें पार पाडला. हा दुसरा भाग त्या मानानें मागें पडला.

तेव्हां पहिल्या पक्षास आमचें उत्तर असें. दारूची ओढ निसर्गसिद्ध नाहीं. ती शिकलेली आहे. ओढीचें तंत्र निसर्गानें दिलें. त्यांत दारू घालणें हें मनुष्याचें कृत्य आहे. ज्या मुलाच्या शाळेच्या वाटेवर दुकानाची रंगीत पाटी नाहीं, त्याच्या मेंदूंत तो दिवा लागण्याचा एक प्रसंग टळला. अद्याप न शिकलेल्यांसाठीं बंदीचें मोल येथें आहे. चोरटी दारू येते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु विषारी दारूचा दोष केवळ बंदीच्या माथीं मारणें न्याय्य नाहीं: २०२२ सालीं बंदी असलेल्या गुजरातेंत बोटादच्या परिसरांत माणसें दगावलीं हें खरें; पण २०१५ सालीं मुंबईच्या मालवणींत शंभराहून अधिक माणसें विषारी दारूनें मेलीं, आणि मुंबईंत दुकानें उघडीं होतीं.

दुसऱ्या पक्षास आमचें उत्तर असें. शिक्षेचें भय सुखाच्या हिशेबांत वजन टाकूं शकतें. पण जुना मद्यपी सुखाचा हिशेब करीतच नसतो. ज्याची आवड संपली आहे त्यास सुखलोलुप म्हणून दंड करणें म्हणजे रोगाचें निदान चुकवून उपचार करणें होय. शिवाय दुकान बंद होऊनहि गांवांतल्या एखाद्या माणसाकडून बाटली घरपोंच येत असेल, तर दिवा विझलेला नसतो. तो केवळ दुकानावरून त्या माणसाच्या चेहऱ्यावर गेलेला असतो. म्हणून कायद्याचा दंडुका विकणाऱ्यावर पडावा, हें योग्य; पिणाऱ्यास त्याच्याबरोबर एकाच ओळींत उभें करूं नये.

यावर कोणी म्हणेल कीं, सर्व दोष मेंदूवर टाकला तर मनुष्याची जबाबदारी ती काय राहिली? ही शंका योग्य आहे. पण तिचें उत्तर त्याच मेंदूंत आहे. त्या नाक्यावर येणाऱ्या तंतूंत विचार करणाऱ्या भागाचेहि तंतु आहेत, आणि जो मेंदू एक गोष्ट शिकतो तो तिच्यावर दुसरी गोष्टहि शिकूं शकतो. जुनी शिकवण पुसली जात नाहीं. तिच्यावर नवी चढवावी लागते, म्हणून वेळ लागतो व मध्येंच घसरणहि होते. पुण्यास अनिल व सुनंदा अवचट यांनीं १९८६ सालीं सुरू केलेल्या मुक्तांगणांतून बाहेर पडून व्यसनमुक्त राहिलेलीं माणसें हेंच सांगतात. रॉबिन्स यांचे सैनिक समुद्र ओलांडून आले होते; वर्ध्याचा मजूर उपचार घेऊन त्याच वस्तींत, त्याच सोबत्यांत परततो. त्याच्यासाठीं समुद्राचें काम गांवानेंच करावयाचें आहे.

हें काम आमच्या जिल्ह्यास जड जाऊं नये. सेवाग्रामचें वैद्यकीय महाविद्यालय गांधीशताब्दीच्या वर्षीं, १९६९ सालीं, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकारानें स्थापन झालें; तेथील विद्यार्थी प्रवेश घेतांच कांहीं दिवस आश्रमांत राहतात, आणि पुढें खेड्यांत जाऊन राहण्याचीहि त्यांना संवय लावली जाते. मेंदूचें शास्त्र शिकलेले डॉक्टर व व्रतांचा अनुभव असलेली जागा एकाच गांवांत, हांकेच्या अंतरावर, असण्याचा योग फार थोड्या जिल्ह्यांस लाभतो. आजवर बंदीचा हिशेब जप्त झालेल्या बाटल्या व दाखल झालेले खटले यांवरून मांडला जातो. उपचार घेऊन परतलेल्यांपैकीं वर्षानंतर किती जण न पितां राहिले, आणि सायंकाळीं त्यांना बसावयास गांवांत कोणती जागा होती, हे दोन रकाने त्या हिशेबांत घातले जावेत, एवढीच आमची सूचना आहे.